नाकतोडे जिथं बसत नव्हते

नत्थूजी म्हणजे माझे भाऊजी, माझ्या मोठ्या बहिणीचे, प्रयागबाईचे मालक. माणूस कसा होता म्हणून कोणी विचारलं तर मी एकच शब्द सांगते, संशयी. आणि तो जेवढा गावावर संशय घ्यायचा ना, त्याच्या दुप्पट गाव त्याच्यावर घ्यायचं. मधल्यामध्ये माझी बहीण भरडली गेली, तिचं कोणाला काही नाही.

मी शामला. धंतोलीत एका दवाखान्यात आयाबाई म्हणून नोकरी केली. डॉक्टरलोकांत राहून राहून जीभ जरा सरळ झाली माझी. पण राग आला की मले-तुले सुटतंच, आणि ही गोष्ट सांगताना मला राग येतो, आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव कोराडीकडचं. वीजघर आलं तेव्हा गावाची वरच्या अंगाची शेतं राखडीच्या तलावात गेली. राखड म्हणजे कोळसा जळून उरलेली राख. ती पाण्यात कालवून मोठ्या नळानं सोडायचे, पाणी निथळून जायचं, राखड खाली बसायची. उन्हाळ्यात वाळली की नजर जाईल तिथवर सगळं सपाट आणि पांढुरकं. झाड नाही, दोन शेतांमधला धुरा नाही, कोणाचं शेत कुठं होतं ते देवालाही ओळखू येऊ नये. गाव उठून रस्त्याच्या पलीकडे वसलं. ज्यांची जमीन गेली त्यांतल्या काहींना वीजघरात कामं मिळाली. भाऊजींना चौकीदारी मिळाली, त्याच तलावाच्या त्या टोकाची, जिथं त्यांचं स्वतःचं शेत होतं. शेत खाली आणि मालक वर, काठी घेऊन उभा.

पुढं त्यांना साहेबानं मेन गेटवर बसायची ड्यूटी देऊ केली. वर पंखा, बसायला खुर्ची, बाजूला चहाची टपरी. हा माणूस नाही म्हणाला! "मले राखडच बरी." झालं. गावाच्या मनात पाल चुकचुकली. पंखा सोडून मे महिन्याच्या उन्हात राखडीत कोण उभं राहतं? राहतो तो काहीतरी असल्याशिवाय राहील का?

त्यात त्यांचं वागणं. कोणी तलावावरून आडवं जाताना दिसलं की दगड घेऊन धावायचे. पंचफुला नावाची एक बाई होती, बकऱ्या चारायची. बसथांब्याकडे जायला तिला राखडीवरून जवळचा रस्ता पडायचा. तिला तर भाऊजी रोज हाकलायचे. रोज हाकलतो म्हणजे रोज भेटतो, असा हिशोब गावानं लावला आणि तो माझ्या बहिणीच्या कानापर्यंत बरोबर पोचवला. तेव्हापासून भाऊजी घरी आले की प्रयागबाई आधी त्यांच्या धोतराकडे पाहायची, गुडघ्यांना राख किती लागली ते.

एकदा मीच गेले पाहायला. सुट्टीचा दिवस होता, बहिणीकडे आलेली, म्हटलं जेवणाचा डबा मी नेऊन देते. खरं सांगायचं तर मलाही पाहायचंच होतं काय भानगड आहे. तलावाच्या बांधावर चढले तर काय, भाऊजी भर दुपारी राखडीत वाकून वाकून चालून राहिलेले. दोन पावलं टाकायची, थांबायचं, टाळी वाजवायची, पुन्हा दोन पावलं.

"काय भाऊजी, सुई हरवली का?" मी वरून ओरडले.

असे दचकले बाप्पा, जशी मी पोलिसच आहे. "तू काहून आली? कोणी पाठवलं तुले?"

"कोणी पाठवलं म्हणजे? भाकर पाठवली तुमच्या बायकोनं. फेकून देऊ का?"

"तिथंच राह. खाली उतरू नको. बांधाबांधानं ये." आणि मी बांधावरून पूर्ण वळसा घालून येईपर्यंत नजर माझ्या पायांवरच.

मी जवळ गेले तेव्हा त्यांनी दुपट्टा झटकन जमिनीवर टाकला आणि त्याखालून काहीतरी चिमटीत धरून काढलं. नाकतोडा! अस्सा राखेच्या रंगाचा की बसलेला असला तर पायाखाली आला तरी दिसू नये. अंगावर बारीक काळे ठिपके, तेही कोळशाच्या चुऱ्यासारखे. मी हसले. तर भाऊजींनी त्याचा वरचा पंख नखानं बाजूला केला आणि आतला पंख उलगडून दाखवला. पिवळाधमक, हळदीसारखा, आणि त्याला लुगड्याच्या काठासारखा काळा पट्टा.

"राखड्या म्हणतो मी याले," ते म्हणाले. "बसला की राख, उडाला की हळद." मग सोडून दिला. तो चर्रर्र करत उडाला, भट्टीत फुटाणे फुटावेत तसा आवाज, पिवळा चमकला, आणि पलीकडे बसला तो गायब. मी डोळे फाडफाडून पाहिलं, दिसला नाही.

"आणि याचं करता काय तुम्ही?"

"काही नाही."

"मग पकडता काहून?"

"तुले काय करायचं आहे? डबा ठेव अन् जा. बांधानंच जाजो."

मी आले घरी पाय आपटत. बहिणीनं विचारलं, "होती का ती?" मी म्हटलं, "बाई नव्हती वं, नाकतोडे होते." तिला वाटलं मी काहीतरी लपवून राहिली. माझ्यावरही संशय! मला असा राग आला की चहा न पिता बस पकडली.

आता तुम्हाला खरं काय ते सांगून टाकते, मला स्वतःला ते पुढं फार उशिरा कळलं. मला गोष्टीत लपवाछपवी आवडत नाही. या घरात लपवाछपवीनं आधीच पुरतं नुकसान केलं होतं.

त्या शेतात विहीर होती. माझी बहीण लग्न होऊन आली त्या दोन-तीन उन्हाळ्यांत नवरा-बायकोनं मिळून खोदलेली. भाऊजी खाली कुदळ मारायचे, ती डोक्यावर टोपली घेऊन वर यायची. मी परकर नेसायची तेव्हा, सुट्टीत गेले की मीही छोट्या टोपलीनं माती टाकायची. पाणी लागलं त्या दिवशी प्रयागबाईनं विहिरीची ओटी भरली, खणानारळानं, लेकीची भरतात तशी. काठावर सात गोटे मांडून शेंदूर लावला, साती आसरांसाठी. आमच्याकडे पाण्यात आसरा राहतात, सात बहिणी. त्यांचा मान ठेवावा लागतो. कितीही उन्हाळा असो, ती विहीर आटली नाही.

जमीन गेली तेव्हा हुकूम आला, ज्याची त्याची विहीर ज्यानं त्यानं बुजवून द्यायची, खाली खड्डा राहता कामा नये. सगळ्यांनी बुजवल्या. रडत बुजवल्या, पण बुजवल्या. भाऊजी एकटे गेले, बायकोला म्हणाले तू येऊ नको. पहिली टोपली मातीची त्यांनी टाकली आणि खालून डुबुक आवाज आला. बस. दुसरी टोपली काही त्यांच्या हातून उचलली गेली नाही. जित्या पाण्यावर माती टाकायची, आणि तीही आपण खोदलेल्या? जुन्या घराचे सागवानी दरवाजे काढून ठेवलेले होतेच. ते आणून विहिरीवर आडवे टाकले, वर बांबूचे तट्टे, पळसाच्या फांद्या, वर माती. पाय मारून सपाट केलं. साहेब आला, पाहिलं, सपाट जमीन. भाऊजींनी 'बुजवली' म्हणून अंगठा दिला.

आणि बायकोलाही तेच सांगितलं. बुजवली.

त्या दिवसापासून प्रयागबाई त्यांच्या हातचं पाणी प्याली नाही. भांडली नाही, रडली नाही, माहेरी आली नाही. स्वैपाक करायची, वाढायची, तापात पाय चेपायची. पण त्यांनी कधी पेला भरून पुढं केला तर तो घ्यायची, तुळशीला ओतायची आणि स्वतः दुसरा भरून प्यायची. बाहेरच्याला कळतही नसे. मला कळलं होतं, भाऊजींना तर कळलंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना बापा तिला, की जिती आहे म्हणून! अहो, पण संशयी माणूस! बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही, ही पाण्याला जाईल, तिथं बोलेल, चक्कीवर बोलेल, साहेबापर्यंत पोचेल, आपला अंगठा खोटा ठरेल. म्हणून गप्प. आणि मग एक वर्षी राखडीचा लोट त्या टोकापर्यंत आला आणि सगळ्यावर गुडघाभर थर बसला. त्यानंतर सांगायची सोयच राहिली नाही. वरून वाळलेली राखड, खाली कुजत चाललेले दरवाजे, त्याखाली विहीर. आज ना उद्या कोणीतरी त्यावर पाय ठेवणार. म्हणून तो माणूस पंख्याखाली बसत नव्हता. म्हणून दगड घेऊन धावत होता.

पण नेमकी जागा त्यांनाही सापडत नव्हती. काठावरचा आंबा तोडलेला, धुरा राखडीत गडप. मग हे नाकतोडे आले. दुसरं काही जगत नाही त्या राखडीत, पण याला तव्यासारखी तापलेली उघडी जमीनच लागते. भाऊजी चालले की पायापायाला चर्र चर्र उडायचे. चालता चालता त्यांच्या ध्यानात आलं की एका जागी एकही उडत नाही. बैलगाडी वळेल एवढी जागा. चहूकडून पिवळे उडतात आणि मध्ये काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यांनी ताडलं, खाली पाणी आहे, तिथली राखड आतून थंड राहते, म्हणून बसत नाही हा. आता हे खरं की खोटं मला विचारू नका. मला एवढंच माहीत आहे की विहीर तिथंच होती.

त्यांनी बाभळीच्या काट्या आणून त्या जागेभोवती कुंपण केलं. तेवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण जीव खात होता ना! त्या काट्यांच्या आत सात गोटे मांडले, शेंदूर लावला. आसरांची माफी.

आणि ते गोटे चंद्रभाननं पाहिले.

चंद्रभानची गावात पिठाची चक्की होती. दळण घालायला गेलेली बाई तिथून पीठ आणि एखादी चहाडी दोन्ही घेऊन यायची. त्याचं शेत भाऊजींच्या शेताला लागून होतं आणि धुऱ्यावरून दोघांचं जमीन जाईपर्यंत वाजत होतं. जमीन गेली तरी धुरा काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. आदल्या पावसाळ्यात रेडिओवर राजस्थानात टोळधाड आल्याची बातमी लागली होती, तेव्हा यानंच उठवलं होतं की नत्थू राखडीत टोळ पाळून राहिला. लोकांनी ते फार मनावर घेतलं नाही. पण काट्यांच्या आत शेंदूर लावलेले सात गोटे म्हटल्यावर विषय बदलला.

"गुप्तधन," चंद्रभान म्हणाला. "म्हणून गेटची ड्यूटी नाही घेतली त्यानं. जागा शोधत होता इतके दिवस. वाकून वाकून. आता सापडली. आणि तो धुरा माझा बी होता."

बाप्पा! मग काय विचारता. ज्याला त्याला सगळं आधीच माहीत होतं. कोणी म्हणे नत्थूच्या आज्यानं हंडा पुरला होता. कोणी म्हणे पंचफुला पायाळू आहे, जमिनीतलं धन दिसतं तिला, म्हणून तिला बोलावतो. माझी बहीण पाणी भरायला गेली की बाया बोलायच्या थांबायच्या. तीही बिचारी आतून पोखरत चालली होती. मला म्हणाली, "शामले, बाई असती तं मी समजली असती. धन असतं तरी समजली असती. पण हा माणूस मले काहीच सांगत नाही. विहीर बुजवली तवाबी मले येऊ नाही देल्लं, बुजवून आला अन् मंग सांगतलं. यानं माझ्यापासून अजून काय काय गाडून ठेवलं आहे?"

कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं मलाही दिसत होतं.

अक्षय तृतीयेचा दिवस. मी बहिणीकडेच होते. त्या दिवशी आमच्याकडे पितरांना जेवू घालतात. नवी घागर भरून ठेवायची, पळसाच्या पत्रावळीवर वडे, पुरणपोळी, कुरडई, चिंचवणी, सगळं वाढायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा, आणि मग घरच्यांनी जेवायचं. भाऊजी सोवळं नेसून पाटावर बसलेले. घास हातात घेतला होता. तेवढ्यात दारात पंचफुला उभी, धापा टाकत, डोक्यावरचा पदर खाली, सोबत एक बकरी.

प्रयागबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. सणाच्या दिवशी, पितरांच्या पानापुढं, ही बाई?

"नत्थूभाऊ," पंचफुला म्हणाली, "तुमच्या काट्या काढून राहिले ते. चंद्रभान अन् कवडू. कुदळी घेऊन गेले आहेत. मले वाटलं सांगावं."

भाऊजींचा हात खाली आला. घास पानात पडला. पितरांच्या पानावरून कोणी असं उठत नाही हो, मेल्यावर सुद्धा बोल लागतो. ते उठले. अनवाणी, सोवळ्यात, दारातून सुसाट.

"गेला," प्रयागबाई म्हणाली. "धनासाठी पितर सोडून गेला." आणि पळी तशीच हातात घेऊन तीही निघाली. मी तिच्या मागं, पंचफुला माझ्या मागं, बकरी पंचफुलाच्या मागं. जिला उंबऱ्यात उभं करायचं नाही ती आमच्यासोबत धावत होती आणि माझ्या बहिणीला तेही कळत नव्हतं.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा चंद्रभान मध्ये उभा होता, काट्या ओढून बाजूला फेकलेल्या. सात गोटे लाथेनं उडवलेले. कवडू, म्हणजे त्याचा साळा, अंगानं रेड्यासारखा, पण तो थोडा मागं थांबला होता, शेंदराला भिऊन. दुपारची वेळ, राखडीवरून झळा निघत होत्या, डोळे उघडवत नव्हते. भाऊजी त्यांच्यापासून दहा-बारा हातांवर थांबलेले, हात पसरून.

"चंद्रभान, तिथून हट."

"हटतो. अर्धा तुझा, अर्धा माझा. बोल."

"धन नाही गा तिथं. खाली विहीर आहे. हळू हळू मागं ये."

चंद्रभान हसला. "विहीर? ते तं तू बुजवली ना? आम्ही सगळ्यांनी आपापल्या बुजवल्या, तूबी बुजवली. साहेबासमोर अंगठा देल्ला. मंग तवा खोटं बोलला का आता खोटं बोलून राहिला?"

भाऊजींनी एकदा बांधाकडे पाहिलं. तिथं त्यांची बायको उभी होती. एवढी वर्षं ज्या गोष्टीला भ्याले ती अशी समोर आली होती, भर उन्हात, चार लोकांत.

"तवा बोललो," ते म्हणाले. "खोटं बोललो. बुजवली नाही मी. माझ्याच्यानं झालं नाही. वर दरवाजे टाकले अन् माती लोटली. सडले असतील ते आता. तुह्या पायाखाली आहेत. पाया पडतो तुह्या, मागं ये."

"ऐक गा कवडू, ऐक," चंद्रभान म्हणाला. "धन वाचवायले माणूस काय काय बोलते!" आणि त्यानं कुदळ उचलून हाणली.

आवाज मातीवर बसल्यासारखा आला नाही. ढोल फुटल्यासारखा आला. चंद्रभान काखेपर्यंत खाली गेला. राखडीचा लोट उठला आणि त्यात त्याचं डोकं आणि दोन हात तेवढे दिसत होते. कुदळीचा दांडा आडवा अडकला होता, त्याला लटकलेला. ओरडत होता, "नत्थू, हात दे गा! नत्थू!" घटकेपूर्वी अर्धा हंडा मागत होता ह्याच तोंडानं.

भाऊजी पोटावर आडवे झाले. सोवळ्यासकट. "कवडू, माह्ये पाय धर. उभा नको येऊ, आडवा हो!" पंचफुलानं बकरीच्या गळ्यातलं दावं सोडून फेकलं, कवडूनं धोतर सोडलं, दोन्हीची गाठ मारली. लाजबिज कोणाला सुचते तेव्हा! भाऊजी सरकत सरकत गेले आणि गाठ चंद्रभानच्या मनगटाला बांधली. मी आणि बांधावरून धावत आलेले दोघं-तिघं, सगळ्यांनी मिळून ओढलं. निघाला बाहेर, राखेनं माखलेला, थुंकत, खोकत, छातीवरची चामडी सोललेली. आणि त्याच्या मागोमाग खालचं सगळं कोसळलं. दरवाजे, तट्टे, राखड.

खालून आवाज आला. डुबुक.

मोठा आवाज होता, पाण्याचा. माझ्या शेजारी प्रयागबाई उभी होती. तिच्या हातातली पळी गळून पडली.

"काय पडलं वं शामले?"

"दरवाजा, बाई. पाण्यात."

ती चालायला लागली. भाऊजी ओरडले, "येऊ नको! तिथंच राह!" पण ती कोणाचं ऐकते? दोन पावलं गेली आणि तीही पोटावर आडवी झाली, सणाचं हिरवं लुगडं तसंच राखेत, आणि सरकत नवऱ्याजवळ गेली. दोघं शेजारी शेजारी आडवे होऊन त्या भोकातून खाली पाहत होते. मला मागून फक्त त्यांच्या पायांचे तळवे दिसत होते.

"जित्ती आहे," ती म्हणाली.

भाऊजींनी कपाळ राखडीला टेकवलं.

"जित्ती आहे अजून." मग ती एकदम उठून बसली आणि त्यांच्या पाठीत धपाधप बुक्क्या मारायला लागली, गावासमोर, सोवळ्यातल्या नवऱ्याला. "इतके वर्स! इतके वर्स मी तुमच्या हातचं पाणी ओतून देल्लं! मले काहून नाही सांगतलं? काहून?"

"तू सगळ्या गावाले सांगतलं असतं."

"सांगतलं असतं! हो, सांगतलंच असतं! चक्कीवर जाऊन सांगतलं असतं! मंग आज कोणी मरायले नसतं आलं इथं!"

भाऊजी राखडीत बसून हमसून हमसून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः साहेबाकडे गेले. साहेबानं आई-बहिणीवरून शिव्या दिल्या, मग डोकं धरून बसला, मग मुरमाचा ट्रक पाठवला. नोकरी गेली नाही, पण राखडीवरून काढून कोळशाकडच्या फाटकावर टाकलं. भाऊजी म्हणाले, फक्त बुजवेपर्यंत राहू द्या. प्रयागबाईनं त्या उघड्या विहिरीची पुन्हा ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. गोटे शोधून आणले, पाच सापडले, दोन नवे घेतले. मग मुरमाची पहिली टोपली तिनंच डोक्यावर घेतली, जशी खोदताना घ्यायची तशी, आणि काठाशी नेऊन रिकामी केली. डुबुक झालं. तिनं डोळे मिटले. दुसरी टोपली भाऊजींनी टाकली. मग ट्रक मागं आणला.

कवडू मदतीला आला होता. चंद्रभान आला नाही. छातीला हळद लावून चक्कीवर बसला होता आणि आल्यागेल्याला सांगत होता, "हंडा काढून घेतला त्यानं. मी गेलो तवाच काढला होता. आता पाहा, कशी घाईघाईनं बुजवून राहिला." आणि लोक मान हलवत होते! ज्यांनी त्याला ओढून काढलं तेही हलवत होते! आजही आमच्या गावात जा, नत्थूजीच्या पोराचं पक्कं घर दाखवतील आणि डोळा बारीक करून म्हणतील, हे राखडीतलं. अरे, त्या पोरानं खापरखेड्याला रातपाळ्या करून घर बांधलं रे बैताडांनो! पण कोण ऐकते.

पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट सांगते आणि थांबते. मी आलेली होते. भाऊजींना सुट्टी होती. दुपारी बहीण म्हणाली, चला, पाहून येऊ. तिघंही बांधावर गेलो. भाऊजींनी सवयीनं बांधावरच थांबवलं आम्हाला आणि स्वतः खाली उतरले. मुरमावर वाऱ्यानं पुन्हा राखड बसली होती, कुठं विहीर होती ते मला सांगता आलं नसतं. ते बरोबर तिथं गेले, मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली.

पायाजवळून एक उडाला. चर्रर्र. पिवळा. मग दुसरा. मग चार-पाच एकदम.

"बसले!" भाऊजी ओरडले. "पाहिलं का वं? बसायले लागले!"

प्रयागबाई बांधावरून उतरली. सरळ आडवी चालत गेली राखडीवरून, वळसा न घालता, आणि पहिल्यांदा त्यांनी तिला हटकलं नाही. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, खाली पाहिलं, पायानं जमीन दाबली. मग पदरानं तोंड पुसलं.

"तहान लागली," ती म्हणाली. "पाणी द्या."

भाऊजींनी खांद्याला अडकवलेली पाण्याची छागल काढली. अर्धं पाणी राखडीत सांडलं. तिनं ओंजळ पुढं केली आणि त्यांच्या हातचं पाणी प्याली, सगळं, शेवटच्या थेंबापर्यंत.